बोलावणं येईपर्यंत

मे महिन्यातली गोष्ट. सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर गेला होता. ओपीडीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. दोन दिवसांपासून मळमळ, अंगात त्राण नाही, लघवी अगदी कमी आणि गडद रंगाची. तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन २.८ निघालं. या वयात ते साधारण १.२च्या आत हवं. म्हणजे मूत्रपिंडावर चांगलाच ताण आला होता. ना मधुमेह, ना रक्तदाब. मग झालं काय?

मुलगा जलदगती गोलंदाज. खांदा महिनाभर दुखत होता. पंधरा दिवस तो मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दिवसाला दोन-तीन घेत होता आणि भर उन्हात सराव करत होता. खांद्याबद्दल ना प्रशिक्षकांना सांगितलं होतं, ना घरी. कारण रविवारी निवड चाचणी होती.

“सर, तेवढी ट्रायल देऊन येतो, मग ॲडमिट व्हतो,” तो म्हणाला. वडील हात जोडून उभे. “साहेब, तीन वर्षं झाली, पोरगं वाट बघतंय.”

मी त्याला दाखल करून घेतलं. ट्रायल हुकली. पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही.

माळशिरसची किरण

तिसऱ्या दिवशी मी त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या किरण नवगिरेबद्दल विचारलं. त्यानं नाव ऐकलं होतं, पण तिचा प्रवास ठाऊक नव्हता.

किरण माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची, शेतकऱ्याच्या घरातली. आधी ती भालाफेक आणि गोळाफेक करायची. क्रिकेटकडे ती वळली पुण्यात, विद्यापीठ पातळीवर खेळताना. ज्या वयात बाकीच्या मुली वयोगटाच्या संघांतून वर सरकलेल्या असतात, त्या वयात हिची सुरुवात. २०२१-२२च्या हंगामात ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळायला गेली. घरापासून इतक्या लांब, आपलं नाव कुणाच्या नजरेत येईल याची खात्री नसताना.

त्याच हंगामात अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनं ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-२० सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय खेळाडू. तोवर पुरुषांतही ते कुणाला जमलं नव्हतं. मे २०२२मध्ये पुण्याजवळ गहुंजे इथं महिला टी-२० चॅलेंज स्पर्धेत तिनं २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं आणि १० सप्टेंबर २०२२ रोजी इंग्लंडविरुद्ध ती भारताकडून पहिला सामना खेळली. अठ्ठाविसावं वर्ष पूर्ण व्हायला काहीच दिवस बाकी होते.

गोष्ट इथं संपली असती तर ती नेहमीची यशोगाथा झाली असती. पण सहा आंतरराष्ट्रीय सामने झाले, मोठी धावसंख्या काही झाली नाही आणि त्याच वर्षी ती संघाबाहेर गेली. पुन्हा वाट पाहणं सुरू. तीन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिनं ३४ चेंडूंत शतक केलं. महिला टी-२०मधलं हे तोवरचं सर्वांत वेगवान शतक. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, ३६ चेंडूंचा.

संघात नाव नसताना त्या तीन वर्षांत तिनं शरीर आणि नजर तयार ठेवली, हे मला त्या शतकापेक्षा मोठं वाटतं. डॉक्टर म्हणून माझा अनुभव असा की खेळाडू मैदानावर जितका मोडतो, त्याहून जास्त तो या वाट पाहण्यात मोडतो.

निम्मी शक्यता, सर्वांत जास्त ताण

याला शास्त्रीय आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली ४५ स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही, याचा अंदाज करायचा. साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला गेला. झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना ताण कमी होता. सर्वांत जास्त ताण होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना!

आता संघाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूचा विचार करा. ज्याची जागा पक्की आहे तो निवांत झोपतो. ज्याला मुळीच आशा नाही तोही झोपतो. जागा राहतो तो मधला. अमेरिकेत बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेखाली दुय्यम संघांची उतरंड आहे. २०१९पर्यंत हंगामाच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, मुख्य संघ आपली यादी चाळीसपर्यंत वाढवू शकत. नंतर नियम बदलला आणि आता २६वरून फक्त २८ खेळाडू करता येतात. त्या दोन जागांतली एक बहुधा चेंडू फेकणाऱ्याला जाते. म्हणजे फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणात वर्षभर घाम गाळणाऱ्या सगळ्यांसाठी उरते जेमतेम एक जागा. ऑगस्टअखेर त्या मुलांची झोप कशी असेल, हे सोलापूरच्या पार्क मैदानावर सराव करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

हा ताण नुसता मनात राहत नाही. कॉर्टिसोल हे संप्रेरक चढं राहतं, झोप उथळ होते, स्नायूंची झीज भरून यायला वेळ लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांचे फ्री-थ्रो सुमारे नऊ टक्क्यांनी अचूक झाले, धावण्याचा वेगही वाढला. अभ्यास छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे. झोपेअभावी आपण जे गमावतो, ते जास्तीच्या सरावानं भरून निघत नाही.

गोळी दुखणं झाकते, दुखापत नाही

वाट पाहणाऱ्या खेळाडूची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखणं लपवणं. ‘सांगितलं तर नाव कापलं जाईल’ ही भीती खोटी नाही, म्हणूनच ती जास्त धोक्याची.

वेदनाशामक गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात. त्यामुळे दुखणं थांबतं. पण हीच रसायनं मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला मदत करतात. घामानं शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड याच मदतीवर तग धरून असतं. नेमक्या त्या वेळी गोळी घेतली की रक्तपुरवठा आणखी घटतो. आपल्याकडचा उन्हाळा, सराव आणि गोळी हे तिन्ही एकत्र आले म्हणजे काय होतं, ते या मुलाच्या रिपोर्टात दिसत होतं.

दुसरी बाजू खांद्याची. चेंडू टाकताना किंवा मोठा फटका मारताना ताकद पायांतून निघते, कमरेतून आणि धडातून खांद्याकडे जाते आणि शेवटी हातात येते. भालाफेकीतही हेच घडतं. किरणच्या फटक्यांमागे ती जुनी शिस्त असावी, असं मला वाटतं. या साखळीतली एक कडी दुखावली की बाकीच्या कड्यांवर बोजा पडतो. तरुण जलदगती गोलंदाजाच्या कमरेत, चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, सतत दुखत असेल तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. वेळीच थांबलं तर तो सहसा भरून येतो. गोळी घेऊन खेळत राहिलं तर वाढतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दम लवकर लागतो, पाय जड होतात आणि मुलीला वाटतं आपणच कमी पडतोय. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी रुग्णालयात होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. सरावाच्या मानानं खाणं कमी पडलं तर पाळी थांबू शकते. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ‘खेळामुळं होतं तसं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याचा परिणाम हाडांवर होतो.

‘वय निघून गेलं’

आपल्याकडे विशीतल्या खेळाडूला, त्यातून मुलीला, हे वाक्य फार लवकर ऐकावं लागतं. शरीरशास्त्र तसं म्हणत नाही. हाडांची घनता विशीच्या उत्तरार्धापर्यंत वाढत राहते. स्नायूंची ताकद साधारण पंचवीस ते पस्तीस या काळात शिखरावर असते. नजर, निर्णय आणि अनुभव यांचा मेळही याच वयात बसतो. अठ्ठाविसाव्या वर्षाच्या तोंडावर आलेलं बोलावणं कागदावर उशिराचं असेल, शरीराच्या घड्याळात नाही.

हे सांगताना खोटी आशा मला द्यायची नाही. बहुतेकांना बोलावणं येत नाही. म्हणून शिक्षण किंवा हातातलं काम सोडू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. वाट पाहण्यालाही पथ्य असतं. सकाळी उठल्यावरही कालचं दुखणं तसंच असेल तर त्या दिवशी सराव हलका करा. दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. निवड यादी लागण्याच्या दिवसांत मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप उडाली, भूक गेली, कशातच मन रमेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि पालकांनो, मूल घरी आलं की ‘नाव आलं का?’ विचारण्याआधी ‘दुखतंय का कुठं?’ एवढं विचारा. त्या दिवशी माझ्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या वडिलांना त्या खांद्याचा पत्ताच नव्हता.

त्या मुलाचं क्रिएटिनिन तीन आठवड्यांत पूर्ववत झालं. मूत्रपिंड वाचलं. खांद्याला चार महिने व्यायामोपचार लागले. पुढच्या हंगामात तो एकदा तपासणीसाठी आला, तेव्हा किटबॅग खांद्यावरच होती. ट्रायल देऊन थेट आला होता.

“कसं झालं रे?”

“चांगलं पडलं सर बॉलिंग. यादी लागायचीय अजून.”

“आणि खांदा?”

“सरांना आधीच सांगितलं हुतं. त्यांनी सहाच ओव्हर टाकून घेतल्या.”

मी रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन ०.९.