टक्के किती? त्यापेक्षा हे विचारा!

अप्रेझलचा सीझन आला की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. वर्षभर केलेली मरमर शेवटी एका रेटिंगमध्ये कोंबली जाते. ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ म्हणजे नेमकं काय, हे बॉसलाही धड सांगता येत नाही, आणि बेल कर्व्हच्या नावानं कॅन्टीनमध्ये बोटं मोडण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. गंमत म्हणजे हेच आपण घरी येतो, सात वर्षांच्या पोराचं प्रगतिपुस्तक उघडतो आणि पहिला प्रश्न टाकतो, ‘‘टक्के किती?’’

तुम्ही म्हणाल, आमचं अजून लग्नही नाही, आम्हाला काय त्याचं! पण भाचे-पुतणे आहेतच ना? आणि ज्यांची पोरं नर्सरीत आहेत अशा कलीग्जचा लंच टाइम सध्या एकाच विषयावर चाललेला असतो. कुठली शाळा, कुठलं बोर्ड, रिझल्ट कसा? म्हणून म्हटलं, आजची प्राथमिक शाळा मुलांना जोखते कशी, ते जरा नीट बघू या.

टक्के गेले, मग आलं काय?

माझी पिढी घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक परीक्षा देत वाढली. वर्गात पहिला कोण, हे अख्ख्या सोसायटीला माहीत असायचं. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यापाठोपाठ ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रानं पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणलं. नाव भारदस्त आहे, पण कल्पना सोपी आहे. मूल काय शिकलं, हे तीन तासांच्या पेपरवर न ठरवता वर्षभर बघत राहायचं.

त्याचे दोन भाग आहेत. ‘आकारिक’ म्हणजे शिकता शिकता होणारं मूल्यमापन. त्यात रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आणि छोट्या चाचण्या येतात. ‘संकलित’ म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के भार आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीत हेच ६०-४० होतं, पाचवी-सहावीत निम्मं-निम्मं आणि सातवी-आठवीत ४०-६०. म्हणजे मूल जेवढं लहान, तेवढी परीक्षा छोटी. शेवटी टक्क्यांऐवजी श्रेणी मिळते. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, अशी ती उतरत जाते. आणि श्रेणीच्या बाजूला असते खरी कामाची गोष्ट, ती म्हणजे वर्णनात्मक नोंद. आपण नेमकी तीच न वाचता पान उलटतो!

‘बघून लिहितो’ म्हणजे?

माझी एक मावसबहीण आयटीत आहे. तिचा मुलगा दुसरीत, घराजवळच्याच मराठी शाळेत. गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात त्याला भाषेत ब-२ मिळाला. ताई हादरलीच. ‘‘शाळाच बदलते आता. इथे सगळं ढिलं आहे,’’ तिनं मला फोनवर जाहीर केलं. दुसऱ्या एका शाळेचा प्रवेश अर्जही तिनं आणून ठेवला होता. तिथे दर महिन्याला टेस्ट आणि रँक.

श्रेणीच्या खाली बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत छान सांगतो. फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो. ताईनं दुसरी ओळ वाचली आणि पोराला फैलावर घेतलं, ‘‘कॉपी करतोस?’’

पालकसभेला मीही तिच्याबरोबर गेले. ताई तावातावानं बोलायला लागली, तसं बाईंनी तिला शांतपणे थांबवलं. ‘‘अहो, ही तक्रार नाही. पुस्तकातलं बघून तो बरोबर लिहितो. फळ्यावरचं मात्र त्याला जमत नाही. पुढच्या बाकावर बसवलं त्या दिवशी शेजारी बघितलंही नाही. एकदा डोळे तपासून घ्याल का?’’

तपासले. लांबचं दिसत नव्हतं, चांगलाच नंबर निघाला. चष्मा लागला आणि प्रवेश अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. आता सांगा, ‘भाषा : ६४ टक्के’ एवढंच लिहिलं असतं तर ताईला काय कळलं असतं? तिनं शाळा बदलली असती, पोरगा नव्या वर्गात नव्या फळ्याकडे डोळे बारीक करून बघत बसला असता. वर ‘अभ्यासात कच्चा’ हा शिक्का!

नाण्याची दुसरी बाजू

सगळीकडे असंच घडतं असं समजू नका. एका वर्गात चाळीस मुलं असतील तर प्रत्येकाचं निरीक्षण करून मनापासून लिहायला वेळ लागतो. तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि मग अख्खा वर्ग ‘अभ्यासात रस घेतो, नियमित शाळेत येतो’ असा एकसारखा निघतो. ऑफिसमधलं ‘गुड टीम प्लेयर’च की ते!

परीक्षा नाही म्हणजे शिकणंही नाही, असा सूरही वाढत गेला. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण २०१९ च्या कायदादुरुस्तीनं सैल झालं. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम बदलून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. त्यात नापास झालं तर फेरपरीक्षेची संधी आहे. तिथेही अडलं तर मूल त्याच वर्गात बसतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही.

दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चक्क ३६० अंशांचं प्रगतिपत्रक सुचवलंय. म्हणजे शिक्षक लिहिणार, वर्गमित्र लिहिणार आणि मूल स्वतःबद्दलही लिहिणार. ओळखीचं वाटतंय ना? फरक एवढाच की इथे त्यावर इन्क्रिमेंट अवलंबून नाही, त्यामुळे मुलं खरं लिहितील अशी आशा आहे!

गेटजवळचा फळा

शाळा कशी आहे हे कळायला मला एक सोपी युक्ती सापडलीये. गेटजवळचा फळा वाचा. सुविचार, दिनविशेष, आजची पटसंख्या हे नेहमीचं असतंच. पण काही शाळांमध्ये तिथे मुलांनी आणलेल्या बातम्या असतात. ताईच्या मुलाच्या शाळेत मी वाचलेल्या बातम्या अशा : ‘चौथीच्या मुलांनी लावलेल्या मेथीची आज भाजी.’ ‘शिपाईमामांना नात झाली.’ ‘पाण्याची टाकी धुणार, उद्या बाटली आणावी.’ परिपाठात एक मूल या बातम्या सगळ्यांसमोर वाचून दाखवतं. प्रतिज्ञा, प्रार्थना आणि बोधकथेच्या रांगेत शिपाईमामांच्या नातीलाही जागा असते. सगळ्यांना मान द्या, असं भिंतीवर रंगवून जे साधत नाही, ते असं साधतं.

मूल्यांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांमध्ये संविधानाची उद्देशिका वाचण्याचा निर्णय झाला. आणि त्याआधीच, २००९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं सुरू केला. पुढे राज्य सरकारच्या साथीनं तो पसरला. त्यात समता, बंधुता असे शब्द पाठ करून घेत नाहीत. मुलं जोडीनं आणि गटानं काम करतात, दुसऱ्याचं ऐकून घेतात, वर्गाचे नियम एकत्र ठरवतात. आपल्या मीटिंग्जना हा कोर्स लावावा, असं तुम्हालाही वाटलं असेल!

मग आपण काय करायचं?

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये कायद्यानं ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. सरकारी शाळांमध्ये शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं, हे या समितीचं काम. खासगी शाळांमध्ये पालक-शिक्षक संघ असतो. आपण मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या ड्रेस कुठला?’ विचारून मोकळे होतो. अर्धा दिवस रजा टाका आणि बैठकीला जा. क्लायंट कॉल एक दिवस थांबेल.

आणि पुढच्या पालकसभेत टक्क्यांऐवजी हे तीन प्रश्न विचारून बघा :

• माझं मूल काय न सांगता, आपणहून करतं?

• ते नेमकं कुठे अडतं, आणि तेव्हा काय करतं?

• वर्गात त्याचं कुणाशी जमतं, आणि कुणाशी जमत नाही?

ज्या बाईंकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, त्यांच्या वर्गात तुमचं मूल सेफ आहे, श्रेणी कुठलीही असो. उत्तरं नसतील तर अ-१ बघूनही पेढे वाटायची घाई करू नका. आणि हो, हेच तीन प्रश्न यंदाच्या अप्रेझलला बॉसनं तुमच्याबद्दल विचारले, तर पार्टी माझ्याकडून!