उचल बापाने घेतली, पोराने का फेडायची?

दिवाळी सरली की आसनगाव, शहापूर, मुरबाड भागातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात आणि पोरंही सोबत जातात. 'उचल फिटेपर्यंत मालक सोडणार नाही,' हे वाडीत इतकं मुरलंय की त्यावर वकील गाठावा, असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा समज साफ चुकीचा आहे. ज्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नाही किंवा किमान वेतनही मिळत नाही, ती वेठबिगारी. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. उलट ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे मजुराने नव्हे, मालकाने सिद्ध करायचं असतं. विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना ठाणे जिल्ह्यात याच कायद्याच्या बळावर लढत आली.

'आईबापानेच पोर कामाला दिलं, मग गुन्हा कसला?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कसारा घाट चढला की इगतपुरी तालुका लागतो. तिथल्या उभाडे गावची दहा वर्षांची कातकरी मुलगी मेंढपाळाकडे राबायला दिली होती. सप्टेंबर 2022मध्ये तिचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे अशा इतर मुलांचा शोध सुरू झाला. आईबापांची संमती असली तरी मालक सुटत नाही. मुलाला वेठीला धरून राबवल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 79नुसार पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. भट्टीवर आईसोबत विटा उलटणं हीसुद्धा 'घरच्यांना मदत' ठरत नाही, कारण भट्टी घरची नसते, मालकाची असते.

शाळेचंही तसंच. जन्माचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं, म्हणून भट्टीजवळच्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्याला वयानुरूप वर्गात बसवावंच लागतं.

राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. बालक, स्त्री, आदिवासी, वेठबिगार यांना 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कातकरी मूल तर यातल्या दोन निकषांत जन्मतःच बसतं. त्यासाठी शहापूर किंवा मुरबाडच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं, किंवा 15100 वर फोन करावा. मूल संकटात असेल तर 1098. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं. अर्ज लिहून घेणं हे समितीचं काम आहे.