मराठी माध्यमाचा विद्यार्थी आणि इंग्रजीचे आकलन

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगर येथील मराठी माध्यमाच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अकरावीच्या शास्त्रशाखेत दाखल होतो, तेव्हा त्याची इंग्रजीशी खरी गाठ पडते. तोवर इंग्रजी हा त्याच्या लेखी अनेक विषयांपैकी एक विषय असतो; आता पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे सारेच विषय त्या भाषेतून त्याच्यापुढे उभे राहतात. शालान्त परीक्षेत इंग्रजीत साठ-सत्तर गुण मिळविलेला मुलगादेखील पहिले काही महिने व्याख्यान ऐकतो म्हणजे फळ्यावरील मजकूर वहीत उतरवून घेतो, एवढेच. तोंडी सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पुस्तकाचे एक पान वाचावयास त्याला तास लागतो. याचे कारण विचारले असता शब्दसंग्रह तोकडा आहे, व्याकरण कच्चे आहे, असे सांगण्याची प्रथा आहे. ही कारणे खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. केवळ इंग्रजीतून अर्थ काढण्याचा प्रसंगच या विद्यार्थ्यावर शालेय जीवनात फारसा आलेला नसतो, हे मूळ कारण होय.

इंग्रजीला लवकर प्रारंभ केला म्हणजे हा प्रश्न सुटेल, अशी एक समजूत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तत्कालीन मुंबई राज्यात इंग्रजी आठव्या इयत्तेपासून शिकविले जात असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. वर्षे वाढली, परंतु वर्गातील व्यवहाराचा साचा फारसा बदलला नाही. तो साचा असा : शिक्षक पुस्तकातील इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचतात आणि लगेच त्याचा मराठी अर्थ सांगतात. मुलांची दृष्टी पुस्तकावर असते व हातात पेन्सिल असते. कठीण शब्दाच्या वर त्याचा देवनागरी उच्चार आणि खाली मराठी अर्थ लिहिला जातो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना या साच्याचा लाभ निःसंशय झाला. परंतु पाठमालेत विद्यार्थ्याला भाषांतर स्वतः करावे लागे. वर्गातील भाषांतर त्याला आयते मिळते. इंग्रजी वाक्य कानांवर पडत असताना तो त्यामागून येणाऱ्या मराठी वाक्याची वाट पाहत असतो. अर्थ मराठीतून येणार हे ठाऊक असल्यावर इंग्रजीकडे लक्ष देण्याचे कारण उरत नाही.

कर्जतकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीत हाच प्रकार उलट्या क्रमाने घडतो. पुढील स्थानकाचे नाव तेथे आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी इंग्रजीत सांगितले जाते. इंग्रजी वाक्य येईपर्यंत उतरणारा दाराशी पोहोचलेला असतो. वर्षानुवर्षे ऐकलेले हे वाक्य प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते, तथापि त्यावरून त्याचे इंग्रजी श्रवण सुधारले असे कोणी म्हणणार नाही.

मुलाच्या कानात काही उणे आहे असे मात्र नव्हे. या परिसराची भाषिक घडण ध्यानात घेतली म्हणजे हे स्पष्ट होते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीने आणि इतर कारखान्यांनी नाना प्रांतांची माणसे शेजारी आणून वसविली. येथील मराठी मुलगा हिंदी शिकतो ती पाठ्यपुस्तक हाती पडण्यापूर्वीच, गल्लीत खेळताना व दुकानात उभा राहून. पुष्कळांना सिंधीही बऱ्यापैकी समजते. ती त्याला समजते, याचे कारण तेथे त्याला कोणी भाषांतर करून देत नाही. दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकूनच समजून घ्यावा लागतो. अर्थात हिंदी व सिंधी या मराठीच्या भगिनी भाषा आहेत; इंग्रजीच्या बाबतीत मराठी कानाला काही सवयी मोडाव्या लागतात. त्या कोणत्या, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे आहे.

पहिली सवय लयीची. मराठी बोलताना शब्दातील प्रत्येक अक्षर बहुधा आपला पूर्ण उच्चार राखून असते. आघाताने अर्थ फारसा बदलत नाही. इंग्रजीत वाक्यातील दोन-चार अक्षरांवर जोर येतो आणि मधली अक्षरे आखडतात. आघातनियमित आणि अक्षरनियमित लय असा भेद के. एल. पाइक यांनी १९४५ साली मांडला. नंतरच्या प्रत्यक्ष मोजमापांनी तो इतका काटेकोर नसल्याचे दाखविले, तरी अध्यापनाच्या दृष्टीने त्याचा उपयोग कायम आहे. 'अँड', 'ऑफ', 'टू', 'फॉर' हे शब्द विद्यार्थी पुस्तकातल्यासारखे पूर्ण उच्चारात ओळखतो. प्रत्यक्ष बोलण्यात ते 'अन', 'अव', 'ट', 'फ' एवढेच उरतात. मग विद्यार्थी म्हणतो, 'ते फार भरभर बोलतात.' वेग ही येथे दुय्यम बाब होय. जे शब्द त्याला वाचताना सर्वात सोपे वाटतात, तेच ऐकताना नाहीसे होतात, ही त्याची अडचण आहे. 'कॅन' या शब्दाचे उदाहरण घ्यावे. 'ही कॅन कम' या वाक्यात तो 'कन' असा दबलेला ऐकू येतो. अमेरिकन उच्चारात नकारार्थी 'कॅन्ट'मधील शेवटचा 'ट' पुष्कळदा अस्फुट राहतो, पण स्वर पूर्ण उच्चारला जातो. म्हणजे ज्याला 'कॅन' स्पष्ट ऐकू आले, त्याने नकार ऐकलेला असण्याचा संभव अधिक. मराठी विद्यार्थी तेथे नेमका उलटा अर्थ घेतो.

दुसरी सवय अधिक खोल आहे. मराठी वाक्याचा निर्णय शेवटी लागतो. 'तो उद्या येईल असे मला वाटत नाही' या वाक्यात शेवटचा शब्द येईपर्यंत होकार की नकार, याचा पत्ता नसतो. मराठी श्रोता म्हणून वाक्याच्या शेवटाकडे कान लावून बसतो. शिवाय क्रियापदाचा प्रत्यय लिंग, वचन, पुरुष हे सारे स्वच्छ सांगतो. आला, आली, आलास यांत संशयाला जागा नाही. इंग्रजीत 'आय डोन्ट थिंक' असा निकाल प्रारंभीच लागून जातो आणि श्रोता शेवटी जे ऐकतो ते 'कम टुमॉरो' असते. प्रत्ययही तेथे क्षीण. 'आस्क्ट' या रूपातील भूतकाळदर्शक ध्वनी पुढील शब्दात सहज विरून जातो. मराठी कानाने लक्ष देण्याची जागाच बदलावयास हवी. हे नियम सांगून होत नाही, सरावाने होते. तथापि शिक्षकाला ही जागा ठाऊक असली, तर कोणते वाक्य पुन्हा ऐकवावे हे त्याला कळते.

वाचनात लयीची अडचण नाही, पण रचनेची आहे. मराठीत विशेषण-वाक्यांश नामाच्या आधी येतो : 'बाजारात पाठविलेला माणूस वाट चुकला.' इंग्रजीत तो नामामागून येतो आणि बहुधा कोणतेही चिन्ह न लावता येतो. 'द मॅन सेन्ट टु द मार्केट लॉस्ट हिज वे' हे वाक्य विद्यार्थ्यापुढे ठेवले असता 'त्या माणसाने बाजारात पाठविले' इथपर्यंत तो बिनदिक्कत जातो आणि 'लॉस्ट'शी येऊन अडखळतो. अडखळला तर ते सुचिन्ह समजावे, कारण तो मागे वळून वाचण्याचा संभव आहे. बहुसंख्य विद्यार्थी अडखळत नाहीत. प्रत्येक शब्दाचा अर्थ ओळीने मांडून त्यांतून काहीतरी जुळविले म्हणजे वाचन झाले, असे त्यांना वाटते.

असे वाचन परीक्षेत खपून जाते, याचे कारण उताऱ्याखालील प्रश्नांच्या स्वरूपात आहे. पुढील वाक्य पाहावे : 'कोंडर्‍या फिदाळाने भर दुपारी ढबरी खुमसली.' आता प्रश्न : ढबरी कोणी खुमसली? ती केव्हा खुमसली? कोणताही मराठी वाचक दोन्ही प्रश्नांची बिनचूक उत्तरे देईल. फिदाळ म्हणजे काय आणि खुमसणे चांगले की वाईट, हे त्याला अर्थातच ठाऊक नाही, कारण या शब्दांना अर्थच नाही. प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधावा, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवावे, ही युक्ती विद्यार्थ्यांना लवकर अवगत होते. पुष्कळदा ती शिकविलीही जाते. अशा प्रश्नांना आकलनाचे प्रश्न म्हणणे ही निव्वळ औपचारिकता होय. 'फिदाळाने असे का केले असावे?' हा प्रश्न विचारताच मात्र युक्ती थांबते.

वाचनाला आपल्याकडे मिळालेले प्राधान्य आकस्मिक नाही. ढाक्यात इंग्रजीच्या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली असे प्रतिपादन केले की, थोडीच वर्षे शिकून शाळा सोडणाऱ्या मुलांना निदान वाचनाचे सामर्थ्य द्यावे, कारण तेच हाती टिकते. त्यासाठी त्यांनी मोजक्या शब्दांत बांधलेली वाचनमाला तयार केली. हॅरल्ड पामर यांनी याउलट कान आणि जीभ यांना अग्रस्थान दिले. वेस्ट यांचे वाचन मात्र भरपूर व सोपे होते; अर्थ कथेच्या ओघात मिळावा अशी त्याची योजना होती. आपल्या वर्गांत वाचनाचे प्राधान्य टिकले आणि ओघ हरवला. वर्षभरात बारीक चिरफाड केलेली शे-दीडशे पाने, हे वेस्ट यांच्या कल्पनेतील वाचन नव्हे.

श्रवणाची स्थिती याहून निराळी आहे. चीनमध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस जी परीक्षा होते, तिच्या इंग्रजीच्या १५० गुणांपैकी बहुतेक प्रांतांत ३० गुण श्रवणाचे असतात. ध्वनिमुद्रित संवादांवर वीस प्रश्न; पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकविले जातात, पुढील दीर्घ मजकूर दोनदा. दक्षिण कोरियात तर प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी श्रवणाच्या वेळी विमानांची ये-जा थांबविली जाते. चिनी भाषेतही विशेषण-वाक्यांश नामाच्या आधीच येतो, म्हणजे रचनेची एक अडचण त्या विद्यार्थ्यांना आपल्यासारखीच आहे. परंतु गुण श्रवणावर असल्यामुळे तेथील वर्गात श्रवण प्रत्यक्ष घडते. याचीही दुसरी बाजू आहे. तीन पर्यायांतून एक निवडावयाचा असल्याने ऐकू आलेल्या एखाद्या शब्दावरून पर्याय ताडण्याची कला तेथे वाढीस लागते. ती आपल्या वाक्य उतरविण्याच्या युक्तीचीच बहीण होय.

महाराष्ट्रात शालान्त परीक्षेतील भाषाविषयांचे २० गुण शाळेकडे असतात आणि श्रवण-भाषणाची परीक्षा त्यांतच येते. २०१९च्या परीक्षेत हे गुण काढून घेण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढील वर्षापासून ते गुण परत देण्यात आले. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्याच वर्षी नवीन होते. त्यामुळे घसरणीचे सारे श्रेय या वीस गुणांना देता येणार नाही. पण जे गुण सरसकट मिळतात, त्यांच्यासाठी वर्गात तास खर्च होत नाही, हे समजण्यास आकडेवारीची गरज नाही.

मग सराव कसा असावा? अर्थ मिळविण्याचा दुसरा मार्ग बंद असावा आणि विद्यार्थ्याला समजले की नाही, हे त्याच्या कृतीवरून दिसावे, एवढ्या दोन अटी पाळल्या तर साधनांची फार आवश्यकता नाही. शिक्षकाचा आवाज पुरतो. अंबरनाथचेच उदाहरण घेता येईल. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले तेथील शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. त्याचे मुख्य द्वार पश्चिमेस. सभामंडपातून गाभाऱ्यात जावयाचे ते पायऱ्या उतरून. शिक्षकांनी पुस्तके मिटावयास सांगून या मंदिराची रचना साध्या इंग्रजीत सांगावी आणि मुलांनी ऐकता ऐकता तिचा आराखडा काढावा. नदी कोठे, दार कोठे, पायऱ्या वर जातात की खाली, हे कागदावर लगेच दिसते. मराठी शब्द एकही बोलावा लागत नाही.

येथे एक खोच आहे. ज्या मुलाने मंदिर पाहिले आहे, तो न ऐकताही आराखडा बरोबर काढील. पहिल्या तासाला हे इष्टच आहे, कारण परिचित वस्तूचे वर्णन ऐकताना अर्थ आधी हाती असतो आणि 'डाउन', 'बिलो', 'टुवर्ड्‌झ' या आखडलेल्या शब्दांचे ध्वनी कानात बसतात. गाडीतील घोषणेनेही एवढे काम होऊ शकले असते, जर कोणी त्या घोषणेकडे मुलांचे लक्ष वेधले असते. दुसऱ्या तासाला मात्र शिक्षकांनी एक कल्पित मंदिर सांगावे : दार पूर्वेला, नदी मागच्या अंगाला, गाभारा पायऱ्या चढून. ज्यांच्या कागदावर पायऱ्या अजूनही खाली उतरतात, त्यांनी ऐकले नाही, आठवले. त्यांना चूक ठरवून पुढे जाऊ नये. तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा ऐकवावे, आणि तरीही न उमगल्यास केवळ तेवढा तुकडा सुटा करून, मग पुन्हा पूर्ण वाक्यात. वेग कमी करून एकेक शब्द तोडून सांगितल्यास आखडलेली अक्षरे पुन्हा फुलतात आणि ज्याचा सराव करावयाचा तेच हातातून निसटते.

यानंतर तेच कल्पित वर्णन छापील स्वरूपात वाचावयास द्यावे, पण त्यात दोन तपशील पुन्हा बदललेले असावेत, आणि मुलांनी आपल्या आराखड्याशी ताडून ते शोधावेत. उताऱ्यातील कोणतेही वाक्य उतरवून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.