कोड बरोबर, तरी उत्तर चूक: कंपायलरच गंडतो तेव्हा

ॲप गंडलं की आपण काय करतो? बंद करून परत उघडतो, कॅशे साफ करतो, नाहीतर अपडेटची वाट बघतो. पण आज मी ज्या बगबद्दल लिहितोय, तो ॲपच्या कोडमध्ये नसतोच. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलरच तिथे चुकलेला असतो.

सी प्लस प्लस ही भाषा तुमच्या फोनमध्येही आहे. क्रोमचा मोठा भाग तिच्यातच लिहिलाय. तिच्यात व्हर्च्युअल फंक्शन नावाची सोय आहे. समजा, 'पेमेंट' हा मूळ प्रकार आणि 'यूपीआय', 'कार्ड' हे त्याचे उपप्रकार. कोड फक्त म्हणतो, 'शुल्क सांग'. समोर खरोखर कोण आहे ते बघून उत्तर मिळतं: यूपीआयचं ०, कार्डचं २, नुसत्या पेमेंटचं ५. ॲप चालू असताना यासाठी वस्तूजवळ फंक्शनांच्या तक्त्याचा पत्ता ठेवलेला असतो.

भाषेच्या २०२० च्या आवृत्तीने अशा फंक्शनांनाही कॉन्स्टएक्स्प्र लावायची मुभा दिली. म्हणजे कंपाइल होतानाच हिशेब करायचा आणि फोनवर तयार आकडा पाठवायचा. डोकेदुखी इथेच आहे. क्लँग कंपायलर हा हिशेब एका वेगळ्या अंतर्गत यंत्रणेकडून करून घेतो. तिच्याकडे तो तक्ता नसतो. वस्तू कोणत्या प्रकारची याची नोंद तिला स्वतःच ठेवावी लागते. नियम एक, पाळणारे दोघे!

सगळ्यात अवघड जागा म्हणजे कन्स्ट्रक्टर. 'कार्ड' तयार होताना आधी त्यातला 'पेमेंट'चा भाग बनतो, आणि तेवढ्यापुरती ती वस्तू 'पेमेंट'च मानायची असते. नंतर नोंद बदलायची. ती बदलायची राहिली, तर २ च्या जागी ५.

आणि हा ५ ॲपमध्ये कायमचा छापला जातो, प्रत्येक फोनवर तोच. डेव्हलपर त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून बसतो, पण तिथे काही थांबतच नाही, कारण फोनवर ते फंक्शन चालतच नाही. मला तरी हे क्रॅशपेक्षा वाईट वाटतं. कंपायलर स्वतः कोसळला तर निदान कळतं तरी.

प्रयोग करायचा असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये कंपायलर एक्सप्लोरर उघडा. एकच कोड जीसीसी आणि क्लँगला द्या, कंपाइलवेळचं आणि चालतानाचं उत्तर ताडून बघा. फक्त सी प्लस प्लस २० निवडायला विसरू नका, नाहीतर नुसती एररच दिसेल.