रिले बायपास करू नका: इलेक्ट्रिक गाडी ट्रॅकवर का दमते?

मी वालचंदनगरहून बोलतोय. मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला, "दादा, माझ्या ईव्हीचं सॉफ्टवेअर लिमिट काढलं तर ती रेसिंग कार होईल का?"

उत्तराआधी आमच्या विहिरीवर जाऊन येऊ. उन्हाळ्याचे दिवस, उसाला पाणी चालू. व्होल्टेज पडलेलं, त्यामुळं मोटर जास्त करंट ओढायची, तापायची आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायचा. काका वैतागले आणि त्यांनी रिले बायपास केला. मोटर दोन तास चालली, मग जळली. रिवाइंडिंग होईपर्यंत ऊस करपला.

इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब तोच आहे. करंट दुप्पट झाला की वायरमध्ये उष्णता चौपट होते. रस्त्यावर ओव्हरटेक करताना पूर्ण ताकद लागते ती चार-पाच सेकंद. ट्रॅकवर मात्र प्रत्येक सरळ पट्ट्यात फुल पॉवर आणि प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक. ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनते आणि करंट बॅटरीत परत ढकलते. म्हणजे बॅटरीला उसंतच नाही. तापमान वाढलं की गाडी स्वतःहून पॉवर कमी करते. याला 'डीरेटिंग' म्हणतात. लोकांना तो दोष वाटतो, पण तो गाडीचा रिले आहे बरं का!

मग खरे रेसवाले काय करतात? टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वारनं २०१८ ते २०२० या काळात फॉर्म्युला ई सोबत 'आय-पेस ईट्रॉफी' भरवली. शोरूममध्ये मिळणारी आय-पेसच, ९० किलोवॉट-तासांची बॅटरीही तीच. बदललं काय? आतलं सामान काढून वजन घटवलं, कारण वजन कमी तर करंट कमी. ड्रायव्हरसाठी रोल केज बसवला. ब्रेक आणि सस्पेन्शन रेसिंगचं. आणि शर्यत किती? २५ मिनिटं आणि वर एक लॅप, बस्स!

आमचं गाव ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाटही एकेकाळी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर धावल्या. तेव्हा पोरं कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरशी खेळायची. आता कस लागतो कूलिंगचा, ब्रेकचा आणि वजनाचा.

म्हणून भावा, लिमिट काढू नकोस. नारंगी केबलला तर हातच लावू नकोस, त्यात शेकडो व्होल्ट डीसी असतो. चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, एवढ्यापासून सुरुवात कर. हौस भागवायची तर कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जा, इंदापूर रोडवर नको. तिथं समोरून उसाची ट्रॉली येते.

काकांची मोटर आता बरी चाललीय. रिलेसकट!