ट्रॉलीचा ब्रेक किती लागावा?

छावणीतून नगर नाक्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहिलात, तर दोन प्रकारची जोडवाहने तुम्हांला दिसतील. पहिले म्हणजे विटा, कडबा किंवा ऊस भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. दुसरे म्हणजे वाळूजच्या कारखान्यांकडे निघालेला लांबलचक कंटेनर. कंटेनरच्या पुढच्या गाडीपासून मागच्या भागाकडे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांच्या नळ्या गेलेल्या असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये मात्र पुष्कळदा एक हूक आणि एक पिन, एवढेच असते. त्या नळ्या कशासाठी, हे समजून घ्यायचे तर थोडे गणित करावे लागेल.

समजा, ट्रॅक्टरचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम आहे व भरलेल्या चारचाकी ट्रॉलीचे ६,०००. रस्ता कोरडा, घर्षण गुणांक ०.६ आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० घेऊ. ट्रॅक्टरच्या चारही चाकांना ब्रेक आहेत असे मानले, तर रस्त्याकडून त्याला जास्तीत जास्त ०.६ × २०,००० = १२,००० न्यूटन एवढा रोधक बल मिळेल. एकटा ट्रॅक्टर असेल तर मंदन ६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर सुमारे सव्वाआठ मीटरांत थांबेल.

आता ट्रॉली जोडा. बल तेच, १२,००० न्यूटन. पण थांबवायचे वस्तुमान ८,००० किलोग्रॅम. मंदन उरते दीड, आणि थांबायला लागतात ३३ मीटर. चौपट अंतर! शिवाय त्या १२,००० न्यूटनपैकी ९,००० न्यूटन एकट्या ट्रॉलीला आवरण्यात खर्च होतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ट्रॉलीही हुकाच्या ठिकाणी ट्रॅक्टरला ९,००० न्यूटन बलाने पुढे ढकलत असते.

प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट असते, कारण बहुतेक ट्रॅक्टरांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असतात. त्यातही डाव्या व उजव्या चाकाचे पायटे वेगळे. नांगरताना शेताच्या टोकाला चटकन वळण्यासाठी ही सोय उत्तम. पण सडकेवर येताना दोन्ही पायटे खिटीने जोडायला विसरले, तर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

आता दौलताबादच्या पुढे खुलताबादकडे चढणाऱ्या घाटाचा विचार करा, पण उतरण्याच्या दिशेने. समजा, उतार २० मीटरला १ मीटर आहे. गुरुत्वाकर्षणच गाडीला ०.५ त्वरण देते, म्हणजे दीडपैकी एकच मंदन शिल्लक राहते आणि थांबण्याचे अंतर ५० मीटर होते. हे सरळ रस्त्यावर. वळणावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत नसतात, त्यामुळे मागून येणारे ढकलणे तिरपे बसते. ट्रॅक्टरचे मागचे टोक बाजूला फेकले जाते आणि मुठीवर चाकूचे पाते मिटावे तशी ही जोडी मिटते.

उपाय उघड आहे: ट्रॉलीने स्वतःला स्वतःच थांबवावे. दोघांचे मंदन सारखे हवे असेल, तर रोधक बल वस्तुमानांच्या प्रमाणात, म्हणजे येथे १:३ असे वाटले गेले पाहिजे. तसे झाले की हुकावर ना ढकल, ना ओढ. कंटेनरच्या नळ्या याचसाठी असतात. एका नळीतून मागच्या टाकीत दाबाखालची हवा भरली जाते; दुसरीतून चालकाच्या पायाचा इशारा मागे पोचतो. मागचा भाग चुकून सुटला तर पहिली नळी तुटते, दाब उतरतो आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. आगगाडीच्या हवेच्या ब्रेकचे तत्त्वही हेच.

अमेरिकेत पिकअप गाडीमागे ट्रेलर जोडतात, तेथे बहुधा हवेऐवजी वीज वापरतात. ट्रेलरच्या चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह सुरू झाला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर थोडा फरफटतो आणि एक दांडी ओढून ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतो. प्रवाह किती द्यायचा हे चालकाजवळची एक पेटी ठरवते. साध्या पेट्या ठराविक वेळात प्रवाह वाढवत नेतात, मग तुम्ही पाय हलका ठेवा की जोरात. चांगल्या पेट्या गाडीचे मंदन मोजतात व त्या प्रमाणात प्रवाह सोडतात. पूर्वी काहींत त्यासाठी चक्क लंबक असे! दोन्ही प्रकारांत एक खुंटी असते. प्रवाह जास्तीत जास्त किती जाऊ द्यायचा, हे तिने ठरते.

ही खुंटी कमी ठेवली तर वर पाहिलेले ढकलणे पुन्हा सुरू. मग ती पूर्ण फिरवून का ठेवू नये? आपल्याच ट्रॉलीला असा ब्रेक आहे असे समजा. भरलेली असताना ४ मंदनासाठी तिला २४,००० न्यूटन लागतील. रस्ता ३६,००० पर्यंत देऊ शकतो, तेव्हा अडचण नाही. आता ती रिकामी करा. वस्तुमान १,५०० किलोग्रॅम. रस्ता देऊ शकेल जेमतेम ९,०००. चुंबकाला मात्र माल उतरल्याचे ठाऊक नसते! तो पूर्वीइतकाच जोर लावतो, चाके जागच्या जागी जाम होतात आणि रस्त्यावर घसरू लागतात. घसरणाऱ्या चाकाला बाजूचा आधार उरत नाही, म्हणून ट्रेलरची शेपटी भलतीकडे जाते. कुठलाही एक आकडा सदासर्वदा बरोबर ठरत नाही, तो यामुळेच.

खुंटी लावण्याची रीतही यातूनच निघते. सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जायचे, गाडीचा ब्रेक न दाबता पेटीवरच्या दांडीने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. चाके जाम होऊ लागेपर्यंत खुंटी थोडी थोडी वाढवायची आणि मग किंचित मागे घ्यायची. ओझे बदलले की हे पुन्हा करायचे. पावसात खुंटी आणखी खाली, कारण घर्षण गुणांकच घटलेला असतो.

वर्गात हे सारे एका फळीवर पाहता येते. खेळण्यातला ट्रॅक्टर व ट्रॉली घ्या, ट्रॉलीत खडे भरा. ट्रॅक्टरची मागची चाके चिकटपट्टीने जाम करा आणि जोडी किंचित वाकडी ठेवून उतरत्या फळीवरून सोडा. ती घसरत नसेल तर उतार वाढवा. ट्रॉली कशी वागते ते पाहा. मग ट्रॅक्टरची चाके मोकळी करून ट्रॉलीची जाम करा. या वेळी जोडी ताणून सरळ येईल. आता फळी थोडी एका कडेकडे कलती करा: ट्रॉलीची शेपटी खालच्या कडेकडे घसरेल. तिसऱ्यांदा कोणतेच चाक जाम न करता, दोघांच्याही चाकांना फक्त घासेल अशी कागदाची पट्टी लावा. ट्रॉलीकडच्या पट्ट्या किती घट्ट हव्यात, हे खडे कमीजास्त करून शोधा.