‘माऊन’चा धडा

रमजान सुरू झाला की शहागंज, सिटी चौक, रोशन गेट भागात तरावीहची नमाज संपल्यावर पावती पुस्तक घेतलेली माणसे दिसू लागतात. ती मदरशांसाठी जकात गोळा करत असतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के वाटा गरजूंचा हक्क म्हणून द्यायचा, ती जकात. या दिवसांत माझे हिंदू आणि बौद्ध स्नेही हमखास विचारतात, “सर, मदरशात नेमके शिकवतात तरी काय?” प्रश्न रास्त आहे. पावती फाडणाऱ्या मुसलमानांनीही तो विचारायला हवा.

मदरशात मूल आधी ‘नाजरा’ शिकते, म्हणजे कुरआन पाहून वाचायला शिकते. काही मुले तो मुखोद्गत करून ‘हाफिज’ होतात. रमजानमध्ये तरावीह पढवतात ती हीच मंडळी. पुढे अरबी, हदीस आणि फिकह म्हणजे धर्मशास्त्र शिकून ‘आलिम’ होता येते. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र मात्र बऱ्याच ठिकाणी दाराबाहेरच राहते.

जगातील सर्वाधिक मुसलमानांचा देश असलेल्या इंडोनेशियातही हा प्रश्न होता. योग्यकर्ता शहरातील अहमद दहलान हे मक्केत शिकून आलेले धर्मपंडित. त्यांनी धार्मिक वर्गात बाके आणि फळा आणला, जोडीला इतर विषय शिकवले. लोकांनी त्यांना डचांची नक्कल करणारा म्हणून हिणवले. त्यांनी १९१२ मध्ये ‘मुहम्मदिया’ संघटना स्थापन केली. त्यांची एक गोष्ट तिकडे सर्वांना ठाऊक आहे. कुरआनातील ‘माऊन’ ही छोटी सूरह ते रोज शिकवत राहिले. विद्यार्थी कंटाळले. म्हणाले, “ही तर पाठ झाली.” दहलान यांनी विचारले, “आचरणात आली का?” मग त्यांनी मुलांना बाहेर पाठवले. गरीब आणि अनाथांना शोधा, त्यांना अंघोळ घाला, जेवू घाला, असे सांगितले. या शिकवणीतूनच १९२३ मध्ये योग्यकर्तात दवाखाना उभा राहिला. आज मुहम्मदियाच्या शाळा, विद्यापीठे आणि रुग्णालये देशभर आहेत.

पुढे १९७५ मध्ये तेथील तीन मंत्रालयांनी एकत्र निर्णय घेतला. मदरशात सत्तर टक्के सर्वसाधारण विषय असतील आणि त्याचे प्रमाणपत्र शाळेच्या बरोबरीचे मानले जाईल. नागरिकशास्त्रही तेथील मदरशांत सक्तीचे आहे.

आपल्याकडे काय झाले? जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने केवळ धार्मिक शिक्षण देणाऱ्या मदरशांतील मुलांना शाळाबाह्य मानायचे ठरवले, तेव्हा मोठा वाद झाला. दुसरीकडे, मदरशांत गणित-विज्ञानाचे शिक्षक नेमण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची योजनाही आहे. पण सरकारची वाट न पाहता झालेले कामही महाराष्ट्रातच आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा येथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये मूठभर मुलांना घेऊन मदरसा सुरू केला. त्याच संस्थेने पुढे औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये काढली. आपल्या जालना रस्त्यावर बदनापूरजवळ वरुडीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हेही त्याच संस्थेचे. मौलाना २०२५ मध्ये गेले. त्यांचा मार्ग मात्र इतरांना खुला आहे.

तरीही एक गोष्ट राहून जाते. गणित आले, विज्ञान आले, पण शेजारी राहणाऱ्या माणसाची ओळख कोण करून देणार? बालभारतीच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका असते. मराठीत जिथे ‘बंधुता’ आहे, तिथे उर्दूत ‘उखुव्वत’ हा शब्द आहे. मशिदीतल्या प्रवचनात मूल जो शब्द ऐकते, तोच संविधानातही आहे, हे त्याला सांगायला किती वेळ लागतो? मराठी आली तर ते मूल महापालिकेकडे नळाच्या पाण्यासाठी अर्जही लिहील.

पाण्याचे नाव मुद्दाम घेतले. ‘माऊन’ म्हणजे नित्य वापराच्या साध्या वस्तू. भाष्यकारांनी त्यात भांडी, मीठ आणि पाणीही गणले आहे. अशा वस्तू शेजाऱ्याला नाकारणाऱ्याची आणि दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्याची ही सूरह कानउघाडणी करते. जिथे अनेक दिवसांनी नळाला पाणी येते, त्या आपल्या शहरात यापेक्षा जवळचा नागरिकशास्त्राचा धडा कुठला?

म्हणून यंदा जकात जरूर द्या, पण पावती घेताना दोन प्रश्नही विचारा. हा मुलगा दहावीची परीक्षा देणार का? त्याला मराठी लिहिता येते का? विचारण्यात अविश्वास नाही. ज्या मुलाच्या नावाने पैसे गोळा होतात, त्याचा तो हक्क आहे. आणि ज्यांना मदरशाविषयी कुतूहल आहे, अशा स्नेह्यांनी इफ्तारला एखाद्या मदरशात जरूर यावे. प्रश्न तिथेच विचारावेत, उत्तरे मुलांकडूनच ऐकावीत.